मेथाडोनच्या खिडकीवरून: अमेरिकेतील मराठी डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी डॉक्टर मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत नर्सिंग शिकले आणि गेली अकरा वर्षे ओहायो नदीकाठच्या एका लहान गावातील मेथाडोन क्लिनिकमध्ये, म्हणजे हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन हे औषध देणाऱ्या दवाखान्यात, औषध देण्याच्या खिडकीमागे काम करते आहे. आपल्यापैकी काही जण मला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांमुळे ओळखतात, पण मी नेमके कोणते काम करते हे फार थोड्यांना ठाऊक आहे, कारण विचारले तर मी आजवर "एका क्लिनिकमध्ये" एवढेच सांगत आले.

हे पत्र लिहिण्याचे कारण गेल्या वर्षीची एक जनसुनावणी आहे. आमच्या कौंटीत दुसरे क्लिनिक उघडण्यासाठी अर्ज आला होता आणि त्यावर नागरिकांचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी शाळेच्या सभागृहात बैठक ठेवली होती. विरोधात बोलणाऱ्यांमध्ये आपले एक मराठी डॉक्टर होते. त्यांच्या घरी गणपतीच्या आरतीला मी दरवर्षी जाते, माझ्या मुलाचा दमा त्यांच्यामुळेच आटोक्यात आला, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही आदरच आहे. ते म्हणाले की एक व्यसन सोडवून दुसरे लावण्याचा हा प्रकार आहे, आणि तो मुलांच्या शाळेच्या वाटेवर नको. सभागृहात टाळ्या झाल्या. प्रत्येक नागरिकाला बोलायला तीन मिनिटे होती. माझे नाव यादीत होते, पण ते पुकारले गेले तेव्हा मी मान हलवून नको म्हटले. पुढे अर्ज नामंजूर झाला. त्या तीन मिनिटांत जे बोलायला हवे होते ते आता लिहिते आहे. त्यासाठी तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ मागते आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

आमची खिडकी पहाटे साडेपाचला उघडते. पाचच्या सुमारासच वाहनतळावर वीस-पंचवीस गाड्या दिवे मालवून उभ्या असतात. त्यांतल्या निम्म्या नदीपलीकडून, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतून दीड-दीड तास गाडी हाकत आलेल्या असतात. कोणी कोळशाच्या खाणीत पाठ दुखावून घेतलेला असतो, कोणी वृद्धाश्रमात रात्रपाळी करून थेट आलेली असते, आणि एखादीच्या गाडीत मागच्या सीटवर ब्लँकेटमध्ये गुंडाळलेले मूल झोपलेले असते. खिडकीशी आल्यावर माणूस नाव आणि जन्मतारीख सांगतो. पंप त्याच्या मात्रेइतके लालसर, चेरीच्या चवीचे पातळ औषध छोट्या प्लास्टिकच्या पेल्यात सोडतो. तो ते पितो, पेल्यात पाणी घालून विसळतो, तेही पितो, आणि मग त्याने माझ्याशी एखादे वाक्य बोलायचे असते. हवापाण्याबद्दल बोलले तरी चालते. तो बोलला म्हणजे औषध गिळले, गालात धरून बाहेर नेले नाही, एवढी खात्री करून घेण्यासाठी हे बोलणे असते. साठीच्या एका आजोबांकडून मी नऊ वर्षे असे वाक्य बोलवून घेतले आहे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या कोणत्या रुग्णाला आपण नऊ वर्षे असे वागवू?

इतिहास आपण जाणता, तरी दोन गोष्टींची आठवण करून देते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल आणि मेरी नायस्वांडर यांनी हेरॉइनच्या आहारी गेलेल्या २२ रुग्णांना रोज मेथाडोन दिले आणि १९६५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसे कामावर परतली, शाळेत परतली, घरच्यांशी बोलू लागली. त्यानंतर १९७२ ची नियमावली आणि १९७४ चा केंद्रीय कायदा आला, आणि हे औषध नेहमीच्या वैद्यकीय व्यवहारातून उचलून वेगळ्या परवान्याच्या क्लिनिकांत बंद केले गेले. त्यामुळे आजही अशी विचित्र स्थिती आहे की तुम्ही पाठदुखीच्या रुग्णाला मेथाडोन लिहून दिलेत तर ते कोपऱ्यावरच्या फार्मसीत मिळते, पण त्याच माणसाला व्यसनावर उपचार म्हणून तेच औषध हवे असेल तर त्याला माझ्या खिडकीपुढे उभे राहावे लागते. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात ते नेहमीच्या औषधांच्या दुकानात मिळते. आमचे रुग्ण या व्यवस्थेला "पातळ बेड्या" म्हणतात, आणि हा शब्द त्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे.

जुन्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिले ९० दिवस आठवड्यातून एकच डोस घरी नेता येई, शिवाय क्लिनिक बंद असेल त्या दिवसाचा. महिनाभराचे औषध घरी नेण्यासाठी दोन वर्षे सलग उपचारात असावे लागे. मग मार्च २०२० मध्ये करोना आला, आणि जे पन्नास वर्षांत होत नव्हते ते आठवड्याभरात झाले: स्थिर रुग्णांना २८ दिवसांचे आणि तितक्या स्थिर नसलेल्यांना १४ दिवसांचे औषध घरी न्यायची मुभा मिळाली. मी स्वतः त्या वेळी घाबरले होते. बाटल्या विकल्या जातील, पोरांच्या हाती लागतील, माणसे मरतील, असे मला वाटत होते. तसे झाले नाही. ओव्हरडोसने झालेल्या एकूण मृत्यूंपैकी ज्यांत मेथाडोन सापडले त्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ४.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ३.२ टक्क्यांवर आले. त्याच काळात फेंटानिलने, म्हणजे हेरॉइनहून कितीतरी जहाल अशा कृत्रिम अमली पदार्थाने, देशभर हाहाकार माजवला होता. माझ्या खिडकीपुरते सांगायचे तर कुलूपबंद पेटी घेऊन पंधरवड्याने येणारी माणसे जास्त टवटवीत दिसू लागली. एका बाईने सांगितले की मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला ती सहा वर्षांत पहिल्यांदा घरी होती.

या अनुभवावरून केंद्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत नवे नियम कायम केले. आता डॉक्टरला योग्य वाटल्यास पहिल्या दिवसापासून ७ दिवसांचे, पंधराव्या दिवसापासून १४ दिवसांचे आणि महिन्यानंतर २८ दिवसांचे औषध घरी देता येते. वर्षभराचे व्यसन सिद्ध करण्याची जुनी अट गेली. समुपदेशनाला नकार दिला म्हणून औषध अडवता येणार नाही, असेही स्पष्ट केले गेले.

पण केंद्राने दार उघडले म्हणून राज्याचे दार उघडत नाही. राज्याचा नियम जास्त कडक असेल तर तोच पाळावा लागतो, आणि कित्येक राज्यांनी जुने नियम तसेच ठेवले आहेत. कुठे नवे क्लिनिक उघडण्याआधी त्याची "गरज" राज्यापुढे सिद्ध करून प्रमाणपत्र मिळवावे लागते आणि त्या सुनावणीत आधीच्या क्लिनिकचे मालकच हरकत घेतात. कुठे शाळा, उद्यान, चर्च यांच्यापासून इतके अंतर हवे की गावाच्या नकाशावर जागाच उरत नाही. कुठे घरी न्यायच्या डोसांवर राज्याची स्वतःची मर्यादा आहे, तर कुठे ठरावीक तास समुपदेशन झाल्याशिवाय औषध मिळत नाही. वेस्ट व्हर्जिनियाने २००७ मध्ये नव्या मेथाडोन क्लिनिकांवर सरसकट बंदी घातली आणि ती वर्षानुवर्षे कायम ठेवली. अठरा लाखांच्या राज्यात नऊच क्लिनिक राहिली. त्याच राज्यात २०२१ साली दर लाख लोकसंख्येमागे ९० हून अधिक माणसे ओव्हरडोसने दगावली, आणि हा दर देशात सर्वाधिक होता. माझ्या वाहनतळावरच्या निम्म्या गाड्यांवर त्या राज्याच्या नंबरपाट्या का असतात, ते यावरून कळेल.

नियम कडक ठेवणाऱ्यांच्या मनात दुष्टावा आहे असे मी म्हणत नाही. गोळ्यांचे कारखाने झालेले दवाखाने या भागाने पाहिले आहेत, रोख पैसे घेऊन चिठ्ठ्या फाडणारे डॉक्टर पाहिले आहेत, आणि त्या जखमा ताज्या असतानाच हे नियम आले. पण कोणता नियम कोणाचे रक्षण करतो, हे एकेक करून पाहिले पाहिजे. पहिली मात्रा किती असावी, ती किती दिवसांत वाढवावी, हृदयाचा आलेख कधी काढावा, सोबत झोपेच्या गोळ्या किंवा दारू असेल तर काय करावे, ओव्हरडोस उतरवणारे नॅलोक्सोन घरी दिले का, पेटीला कुलूप आहे का, हे सगळे रुग्णाचा जीव वाचवणारे नियम आहेत. मेथाडोन शरीरातून सावकाश निघते, आज घेतलेल्या मात्रेचा अंश उद्याच्या मात्रेत मिसळतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत घाई केली तर श्वास मंदावून माणूस झोपेत जाऊ शकतो. हे मी तुम्हाला सांगायला नको. या नियमांतला एकही मला सैल नको आहे, उलट काही ठिकाणी ते आणखी काटेकोर पाळले जावेत असे वाटते. मात्र क्लिनिक शाळेपासून किती फूट दूर असावे, राज्यात एकूण किती असावीत, नऊ वर्षे नीट वागलेल्या आजोबांनी रोज यावे की पंधरा दिवसांनी, या नियमांनी कोणाचा श्वास वाचतो? त्यांच्यामुळे रांग आमच्या नजरेआड राहते, एवढेच त्यांतून मला दिसते.

"एक व्यसन सोडवून दुसरे लावणे" हे वाक्य मी मिरजेत असते तर मीही म्हटले असते. आपल्या पिढीच्या मराठी माणसाला व्यसनमुक्ती म्हटले की पुण्याचे मुक्तांगण आठवते. गर्दने मुंबई-पुण्यातली पोरे पोखरायला सुरुवात केली तेव्हा, १९८६ मध्ये, डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले. तिथे राहायचे, शरीर स्वच्छ करायचे, पुन्हा हात लावायचा नाही, आणि एकमेकांच्या आधाराने एकेक दिवस काढायचा. त्या कामाविषयी मला अपार आदर आहे, माझ्या चुलतभावाला त्यानेच वाचवले, आणि दारूच्या बाबतीत आजही मी आधी तेच नाव घेईन. पण इथल्या रस्त्यावर जे विकले जाते ते फेंटानिल आहे. महिनाभर पूर्ण बंद राहून बाहेर पडलेल्या माणसाच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि घसरला तर पूर्वीच्याच मात्रेने तो मरतो. त्याला दुसऱ्यांदा प्रयत्न करायची संधी मिळत नाही. २०१७ मध्ये बऱ्याच देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब असा आहे: मेथाडोन चालू असताना वर्षाला हजारी ११ मृत्यू, आणि ते सुटल्यावर हजारी ३६. हृदयविकाराचे एखादे औषध असा फरक पाडत असते तर आपण ते रुग्णापासून दीड तासाच्या अंतरावर ठेवले असते का?

आता माझी स्वतःची गोष्ट. करोनाच्या आधीच्या एका थंडीत एक तरुण, गोदामात काम करणारा, खिडकी बंद झाल्यावर वीस मिनिटांनी आला. महामार्गावर अपघात होऊन वाहतूक खोळंबली होती आणि त्याने फोनवरचा फोटोही दाखवला. तिजोरी बंद झाली होती, त्या दिवसाच्या थेंबाथेंबाची मोजदाद लिहून झाली होती, आणि ती पुन्हा उघडायची तर वरिष्ठांची परवानगी हवी होती. मी त्याला उद्या ये म्हणाले. तो रागावला नाही. हातमोजे घातले, "येस मॅम" म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सात आठवड्यांनी तो परत आला तेव्हा दोन गावे पलीकडच्या इस्पितळाने पाठवलेले कागद त्याच्या हातात होते. मधल्या काळात त्याला दोनदा शुद्धीवर आणावे लागले होते, आणि गोदामातली नोकरी गेली होती. मात्रा पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मी नियम पाळला होता आणि नियमात माझी काही चूक नव्हती. तरीही त्याच्या घरी चार दिवसांच्या बाटल्या असत्या तर त्या सकाळच्या वाहतूककोंडीला काही अर्थच उरला नसता, हे मला तेव्हाही कळत होते. त्याला तेवढे देण्याची मुभा त्या वेळी आमच्याकडे नव्हती.

नियम सैल करताना एक भीती मलाही वाटते आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या क्षेत्रात नफ्यासाठी चालणाऱ्या साखळ्या मोठ्या आहेत. दारे उघडली की त्या आधी येतील, स्वस्त जागा बघतील, एका समुपदेशकाच्या माथी शंभर रुग्ण मारतील. म्हणून राज्याने क्लिनिकांच्या संख्येवरची आणि जागेवरची बंधने काढावीत, आणि तपासणी मात्र वाढवावी, असे माझे मागणे आहे. न सांगता येऊन वह्या बघाव्यात, किती रुग्ण वर्षानंतरही उपचारात टिकले हे जाहीर करायला लावावे. शिवाय ज्या गावात क्लिनिक परवडणार नाही तिथे फिरती गाडी पाठवता येते. २०२१ पासून केंद्राने तशी वाट मोकळी केली आहे, आणि डोंगराळ भागात तिच्याइतका सोयीचा उपाय मला दुसरा दिसत नाही.

तुम्हालाच हे पत्र का, असे तुम्ही विचाराल. बी. जे., ग्रँट, जी. एस. या पुण्या-मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून आलेले तुमच्यातले अनेक जण अशा गावांत गेले जिथे इथले डॉक्टर जायला तयार नव्हते. वीस-तीस वर्षांत त्या गावाने तुम्हाला आपले मानले. तुम्ही सभागृहात उभे राहिलात की लोक ऐकतात, आणि त्या रात्री ऐकलेच. माझ्यासारखी नर्स बोलली तर ती आपल्या पगारासाठी बोलते असे वाटेल, रुग्ण बोलला तर त्याच्या दंडाकडे बघितले जाईल. राज्याच्या वैद्यक मंडळांवर, इस्पितळांच्या समित्यांवर तुमच्यातले लोक आहेत. विधिमंडळाच्या आरोग्य समितीपुढे एका गावच्या डॉक्टरने दिलेली साक्ष आमदारांच्या मनात किती दिवस राहते, हे तुम्हाला माझ्याहून चांगले माहीत आहे.

आणि यातले काही तर कोणत्याही सुनावणीविना तुमच्याच हातात आहे. याच व्यसनावरचे दुसरे औषध, ब्युप्रेनॉर्फिन, लिहून देण्यासाठी लागणारी वेगळी परवानगी २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने रद्द केली. रुग्णसंख्येची मर्यादाही तिच्याबरोबर गेली. तुमच्याकडे नियंत्रित औषधांची नोंदणी असेल तर राज्याचे नियम पाहून उद्या सकाळी तुम्ही ते लिहू शकता. तातडीच्या विभागात काम करणाऱ्यांसाठी येल विद्यापीठातला २०१५ चा अभ्यास आहेच: तिथेच औषध सुरू करून दिलेले ७८ टक्के रुग्ण महिन्यानंतरही उपचारात होते, आणि नुसती चिठ्ठी देऊन दुसरीकडे धाडलेल्यांपैकी ३७ टक्के. पण फेंटानिलची सवय जडलेल्या काहींना ब्युप्रेनॉर्फिन पुरत नाही, त्यांना मेथाडोनच लागते, आणि त्यांच्यासाठी क्लिनिकाशिवाय दुसरी वाट आजच्या कायद्याने ठेवलेली नाही. म्हणून सुनावणीला येण्यापासून तुमची सुटका नाही.

अजून एक गोष्ट लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला. आपल्या मंडळातल्या तीन घरांतली मुले गेल्या अकरा वर्षांत माझ्या खिडकीवर येऊन गेली आहेत. त्यांची ओळख पटेल असे काहीही मी लिहिणार नाही. त्यांच्यापैकी दोघांनी मला पाहताच मान खाली घातली आणि एकाने हळूच विचारले, "काकू, आईला सांगणार नाही ना?" मी नाही म्हणाले आणि सांगितलेही नाही. आपण ज्या रांगेला शाळेच्या वाटेवरून हटवू पाहतो तिच्यात आपल्या घरची मुले नाहीत, असे समजून कृपया कोणी बोलू नये.

ज्या डॉक्टरांमुळे हे पत्र लिहिले गेले, त्यांना मी एक विनंती केली आहे आणि ती आपणा सर्वांनाही करते. एकदा पहाटे पाचला आमच्या वाहनतळावर या. गाडीतच बसा, कोणाशी बोलू नका, कोणाचा फोटो काढू नका. साडेपाचला खिडकी उघडल्यापासून आठपर्यंत फक्त बघा. मग तुमचे मत तेच राहिले तर पुढच्या सुनावणीत तेच मांडा, मी तक्रार करणार नाही. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही, पण नाहीही म्हटलेले नाही.

नव्या क्लिनिकचा अर्ज जागा बदलून पुन्हा दाखल होतो आहे. पुढच्या सुनावणीच्या यादीत मी माझे नाव या वेळीही दिले आहे, आणि ते पुकारले गेले की उठणार आहे. राज्याचे नियम केंद्राच्या नव्या नियमांच्या बरोबरीला आणावेत अशा विनंतीचे निवेदनही तयार आहे. त्यावर आतापर्यंत चौदा नर्स आणि दोन औषधविक्रेत्यांच्या सह्या झाल्या आहेत. डॉक्टरांच्या सह्यांसाठी राखलेले पान अजून कोरे आहे.

आपली नम्र,
ओहायो नदीकाठची एक परिचारिका